बिनखांबी छतास बारा खांब लागल्याची हकीकत

श्रीविश्वकर्मा प्रसन्न. आधी ओळंब्यास दंडवत, जो कोणाच्याही दरबारी टांगिला तरी सरळच लोंबतो; मग पाणसळीस, जिच्यातील बुडबुडा कोणाची भीड धरीत नाही; आणि शेवटी वाचणारांस, की त्यांनी शांत चित्ते ऐकावे, कारण लिहिणाराचे चित्त शांत राहिलेले नाही. शालिवाहन शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आणि संवत्सर नावाप्रमाणेच गेले, त्या साली एका विद्यासंस्थानात, ज्याचे नाव येथे लिहीत नाही, ग्रंथालयाची नवी पाच मजली इमारत उभी राहात होती, तिच्या पुढल्या छताची ही हकीकत. गादीवर कुलगुरू डॉक्टर विश्वंभरराव इंगवले होते. स्वभाव थोर, बोलणे गोड, सही सावकाश. त्यांचे मनी तीन वर्षांमागे ऐसे आले की ग्रंथालयाचे मुख्य दरवाजापुढे एक छत असावे, ज्यास एकही खांब नाही, भिंतीतून निघाले ते थेट बावीस फूट हवेत, आणि त्याखाली मुलांनी मोकळे बसावे, वाचावे, भांडावे, डबे खावे. ही चीज त्यांनी परमुलखी एका विद्यापीठात पाहिली होती आणि फोनात तिचा फोटो होता. मग तो फोटो त्यांनी बांधकाम विभागातील स्ट्रक्चरल इंजिनिअर वैजयंतीबाई धुमाळ यांजपुढे धरिला आणि पुसिले, "होईल का हो बाई आपल्याकडं?" बाईंची नोकरीची एकतीस वर्षे सायकल स्टँड, वसतिगृहांच्या पाण्याच्या टाक्या, कंपाउंडच्या भिंती आणि शौचालये यांत गेली होती, आणि सेवानिवृत्तीस चार वर्षे उरली होती, आणि ऐसे काम आपल्या हातून व्हावे ही इच्छा त्यांनी कधीच घडी घालोन ठेविली होती. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा करोन पाहिला आणि म्हणाल्या, "होईल, सर. पण घाई करून चालणार नाही." तेव्हा कुलगुरू हासोन बोलिले, "घाई कसली?" हे वाक्य वाचणाराने ध्यानी ठेवावे.

मग बाईंनी दोन वर्षे आकडेमोड केली. माणूस हात आडवा करोन उभा राहिला आणि मनगटास भरलेली पिशवी अडकविली की खांद्यापाशी वरल्या अंगास ओढ बसते, छताचेही तैसेच, म्हणोन भिंतीतून सहा तुळया बाहेर काढिल्या आणि त्यांत जाड सळया सर्व वरच्या अंगास घातल्या आणि खालच्या अंगास नावापुरत्या. आणि दरबारास इमारतीचे दारी पर्यावरणस्नेही इमारतीची, हिरव्या पानाची पाटी लावावयाची हौस होती, ती पाटी मिळावी म्हणोन वीजकेंद्राची राख मिसळलेले सिमेंट घेतले, जे पर्यावरणास चांगले आणि पुढे पक्केही उत्तम होते, परंतु आरंभी सावकाश धरते. हे बाईंनी लिहून दिले, तोंडी सांगितले, आणि बैठकीत फळ्यावर आलेख काढोन दाखविले, आणि सर्वांनी माना डोलाविल्या आणि पाटीचा रंग कोणता असावा यावर पुढे एक तास बोलिले. मग कार्तिक शुद्ध षष्ठीस छत ओतिले. सेंट्रिंगचे काम लिंबाजी भंडारे मुकादम यांजकडे होते. हे मुकादम बीडकडले, चाळीस वर्षे छतांखाली टेके लावणे आणि काढणे यांत गेलेली, आणि डावा कान हातोड्याच्या ठोक्यांच्या आवाजाने अधू झालेला, परंतु उजव्या कानाने तुळई ठोकून ती कच्ची की पक्की हे सांगत. बाईंचा आणि मुकादमांचा एकमेकांवर विश्वास होता, आणि या संस्थानात ही गोष्ट दुर्मिळ. चौदा दिवसांनी छताखालच्या साच्याच्या पाट्या निघाल्या आणि सहा तुळयांखाली बारा जाड लोखंडी टेके राहिले, सहा पुढल्या कडेस आणि सहा मध्ये, आणि बाईंनी प्रत्येकावर लाल रंगाने लिहिले की अठ्ठावीस दिवस पुरे होईतो हात लावू नये.

येथवर सर्व यथास्थित, आणि येथोन पुढे लेखणी कुरकुरते. इमारतीचे उद्घाटन पौषात ठरले होते, ते मोठ्या पाहुण्यांचे सोयीने कार्तिक वद्य दशमीस आले, म्हणजे छत ओतल्यापासोन एकोणिसावा दिवस. कुलसचिव त्र्यंबकराव साठये, ज्यांचे हाती संस्थानच्या सर्व फायली आणि सर्व गाठी, ते आदले दिवशी सकाळी मंडपाची पाहणी करावयास आले आणि बारा टेके पाहोन थबकले. म्हणाले, "मॅडम, हे काय?" बाई म्हणाल्या, "टेके, सर." कुलसचिव म्हणाले, "ते दिसतंय मला. बिनखांबी छत ना हे? निमंत्रणावर छापलंय तसं. पाहुण्यांसमोर फीत कापताना मागं हे लोखंडी पाईप?" बाईंनी राखेचे सिमेंट, एकोणीस दिवस, आलेख, सर्व पुन्हा सांगितले. कुलसचिवांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "आठ-नऊ दिवसांचाच प्रश्न आहे. एवढी मोठी इमारत, आठ दिवसांसाठी अडणार का? ए मुकादम, काढा रे ते." आपल्या जन्माचे एक काम, आणि ते कच्चे असता पाचशे माणसांच्या डोक्यावर सोडणार, हे बाईंच्या डोळ्यांपुढे आले.

तेव्हा लिंबाजी मुकादम पुढे झाले, डोईवरली टोपी नीट केली आणि शांतपणे बोलिले, "काढतो की सायेब. अर्ध्या घंट्याचं काम हाय. पण आमच्या सेंट्रिंगवाल्यांची रीत हाय एक. टेका काढताना ज्याचा हुकूम, त्यानं खाली उभं ऱ्हायचं. माझ्या बापापासनं हाय ही रीत. तुमी हितं मधोमध उभं ऱ्हा, मी चावी लावतो." कुलसचिव म्हणाले, "म्हणजे मी?" मुकादम म्हणाले, "हुकूम तुमचा न्हवं का?" मग कुलसचिवांनी छताकडे पाहिले, आणि टेक्यांकडे पाहिले, आणि आपल्या नव्या जाकिटाकडे पाहिले, आणि म्हणाले, "तसं काही नाही, सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नको, हे मी पहिल्यापासून म्हणतोय." बाईंना हसू आले आणि रडूही आले, आणि दोन्ही त्यांनी गिळले.

परंतु दरबार स्वस्थ बसेल तर तो दरबार कसला. त्याच दुपारी सजावटवाले बोलाविले आणि बारा टेक्यांभोवती प्लायवूडच्या पेट्या करोन, त्यांवर प्लास्टर ऑफ पॅरिस चढवोन, बुडाशी कमळ, माथ्याशी कमळ, मध्ये पन्हळी, वर पांढरा रंग, ऐसे बारा खांब संध्याकाळपर्यंत उभे केले, आणि झेंडूच्या माळा गुंडाळिल्या. दुसरे दिवशी पाहुणे आले. बिनखांबी छतावर त्यांस भाषण लिहून दिले होते ते हातात होते, परंतु समोर बारा खांब दिसत होते, म्हणोन त्यांनी कागद खिशात घातला आणि उत्स्फूर्त बोलिले की, "हे बारा खांब पाहून मला वर्षाचे बारा महिने आठवले. एकही महिना विद्येवाचून जाऊ नये, असाच यामागे कल्पकाचा हेतू असणार." टाळ्यांचा कडकडाट जाहला. मागल्या रांगेत वैजयंतीबाई बसल्या होत्या, आणि कल्पक त्याच होत्या, आणि हेतू कोणता होता हे त्यांस चांगले ठाऊक होते. आठवडाभरात ते वाक्य वार्षिक अहवालाचे पहिल्या पानावर आले, आणि महिन्याभरात संस्थानचे बोधचिन्हात जुन्या समईच्या जागी बारा खांब आले, आणि तेच चिन्ह पदवीपत्रावर छापण्यास गेले.

अठ्ठावीस दिवस पुरे जाहले. छत ओतताना त्याच काँक्रीटचे जे ठोकळे भरून पाण्यात ठेविले होते, ते प्रयोगशाळेत यंत्राखाली दाबोन पाहिले, आणि ठरल्या भाराच्या पुष्कळ पुढे जाऊन मग ते फुटले, म्हणजे काँक्रीट उत्तम. बाईंनी तो अहवाल जोडोन अर्ज केला की आता टेके काढावे. त्यावर बैठक बसली. कुलसचिवांनी पुसिले, "मॅडम, एक सांगा. या खांबांवर छताचा भार आहे की नाही?" बाई म्हणाल्या, "तेव्हा होता, सर. आता असायची गरज नाही." कुलसचिव म्हणाले, "भार नव्हता तर त्या दिवशी आम्हांला का अडवलंत? आणि असेल तर आज कसे काढायचे?" बाई म्हणाल्या, "सर, तेव्हा काँक्रीट कच्चं होतं. आता पक्कं झालंय. दूध विरजल्यावर लगेच भांडं उलटं केलं तर सांडतं, आणि..." कुलसचिव म्हणाले, "दह्याचा विषय नको. पक्कं झाल्याचा पुरावा काय?" बाई म्हणाल्या, "ठोकळ्यांची चाचणी. अहवाल जोडलाय." मग कुलसचिवांनी चष्मा लावोन अहवाल वाचिला आणि त्यांचा चेहरा गंभीर जाहला. म्हणाले, "मॅडम, यात तर लिहिलंय की सगळे ठोकळे फुटले." बाई म्हणाल्या, "फुटणारच, सर. फुटेपर्यंतच दाबतात. किती भाराला फुटले ते बघायचं असतं." कुलसचिव म्हणाले, "पण फुटले ना?" बाई म्हणाल्या, "हो." तेव्हा कुलसचिवांनी लेखनिकाकडे वळोन सांगितले की लिहा, चाचणीत सर्व नमुने फुटले हे अभियंत्यांनी मान्य केले.

वाचणारा म्हणेल, ऐसे कोणी बोलत नाही. लिहिणाराने ते इतिवृत्त डोळ्यांनी वाचिले आहे, पान सातवे, ठराव चवथा, खाली नऊ विद्वानांच्या सह्या, त्यांत दोन पदार्थविज्ञानाचे. बाई घरी गेल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. यजमानांनी विचारिले तर म्हणाल्या, "मी फुटलेल्या ठोकळ्यांची बाई झालेय." यजमान बँकेत होते, त्यांस काही उमजले नाही, त्यांनी ताट झाकोन ठेविले.

मग माघात बाईंनी पुन्हा लिहिले, आणि यावेळी निराळी गोष्ट लिहिली, की टेके नुसते निरुपयोगी नाहीत, ते अपाय करितात; सळया वरल्या अंगास आहेत, तुळई मोकळी लोंबली तर त्या काम करितात; परंतु टोकास आधार देऊन ठेविला तर तुळई मध्ये खाली वाकू पाहते, आणि खालच्या अंगास सळया नावापुरत्या, सबब खालून भेगा पडतील. ते पत्र कुलगुरूंपुढे गेले. कुलगुरू भले माणूस, त्यांस कोणाचेही मन दुखवावयाचे नव्हते. एका बाजूस बाई म्हणतात सर्व काढा, दुसऱ्या बाजूस कुलसचिव म्हणतात सर्व ठेवा, मग त्यांनी दोघांचाही मान राखिला आणि शेरा मारिला की अर्धे काढावे. आणि मधल्या सहा खांबांस मुले धडकत होती, सबब मधले काढावे आणि शोभेचे म्हणोन कडेचे ठेवावे. त्या आठवड्यात बाई दूरच्या एका केंद्रावर गळकी टाकी पाहावयास गेल्या होत्या आणि मुकादम मुलीच्या लग्नास गावी होते. त्यांच्या माघारी दुसरीच माणसे आली आणि मधले सहा काढोन गेली. बारांपैकी काय वाटेल ते करावे, सर्व काढावे, सर्व ठेवावे, कडेचे काढावे, परंतु नेमके हेच करू नये, ऐसे जे होते तेच तडजोडीने घडले. बाई परत आल्या आणि छताखाली उभ्या राहोन कडेचे उरलेले सहा खांब एकेक मोजिले.

मग चैत्रात नवे संवत्सर लागले, ऊन तापले, आणि वरून छतावर दरबाराने दगडी कुंड्या मांडिल्या, आणि वैशाखाच्या आरंभी सहाही तुळयांच्या मध्यावर खालून केसासारखी भेग दिसू लागली. बाईंनी शिडीवर चढोन प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांस पेन्सिलीने आडवी खूण केली आणि तारीख लिहिली, कारण भेग वाढते की थांबते हे ऐसेच पाहतात. शिडीवरोन त्यांनी खाली पाहिले तो कुलसचिव उभे होते, आणि त्यांच्या मुखावर चिंता नव्हती, समाधान होते. म्हणाले, "बघितलंत मॅडम? मी म्हणत नव्हतो? खांब काढले आणि लगेच तडे." बाई म्हणाल्या, "सर, खांब काढले म्हणून नाही, खांब ठेवले म्हणून. फेब्रुवारीत लिहून दिलंय मी." कुलसचिव म्हणाले, "आता वाद नको. नशीब, निदान सहा तरी होते." आणि तिसऱ्या दिवशी मधले सहा पुन्हा बसविले, पुन्हा प्लास्टर, पुन्हा कमळे, आणि कुलगुरूंनी सुस्कारा टाकिला की बोधचिन्हाशी संख्या जुळली. त्या दिवशी वैजयंतीबाईंनी आपल्या खोलीचे दार लावोन घेतले, टेबलावर कपाळ टेकिले, आणि मोठ्याने म्हणाल्या, "अरे देवा, यांना खाली-वर कळत नाही." बाहेर शिपाई उभा होता, त्याने ऐकिले, आणि त्यास वाटले बाईंस चक्कर आली, म्हणोन त्याने पाणी आणिले.

ऐसे महिने गेले. बाईंनी एकूण तेवीस पत्रे लिहिली. उत्तरे आली ती ऐसी की विषय विचाराधीन आहे, नमुने फुटल्याबाबत खुलासा करावा, खांब हे बोधचिन्हाचा भाग असल्याने सांस्कृतिक समितीचे मत घ्यावे. सांस्कृतिक समितीने मत दिले की खांब सुंदर आहेत. मुले खांबांवर टिचकी मारीत आणि पोकळ आवाज ऐकोन हसत, आणि एका खांबावर कोणी लिहिले, येथे फक्त प्लास्टर अभ्यास करते. बाई रोज सकाळी येता जाता त्या छताखालोन जात आणि वर पाहात, आणि मनी म्हणत की हे छत आपल्या पायावर उभे राहू शकते आणि यास कोणी उभे राहू देत नाही. सेवानिवृत्तीस सहा महिने उरले होते. आपण जाऊ आणि हे बारा खांब राहतील, आणि पुढे कोणी विचारील की हे कोणी बांधिले, तर माझे नाव सांगतील, हा विचार त्यांस फार जाचत असे.

आणि मग शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, कार्तिक महिना, पहिल्या पाहुण्यांहून मोठे पाहुणे यावयाचे ठरले. आदले दिवशी सकाळी नऊ वाजता त्यांचे सुरक्षा अधिकारी येऊन दाखल जाहले. माणूस मिताक्षरी. दरवाजापुढे उभे राहोन त्यांनी एकदा डावीकडे पाहिले, एकदा उजवीकडे, आणि म्हणाले, "हे खांब कशाला?" कुलसचिव बारा महिन्यांची गोष्ट सांगू लागले. अधिकारी म्हणाले, "एकेकामागं दोन माणसं लपतात. दुपारी बाराला मी परत येतो. तोवर हे दिसता कामा नयेत." कुलसचिव म्हणाले, "होऊन जाईल, साहेब." झाले, इतकेच. बैठक नाही, समिती नाही, सांस्कृतिक मत नाही, फुटलेल्या ठोकळ्यांचा उच्चार नाही, आणि खांब काढिल्यावर छत राहील की पडेल हा प्रश्न एकाही मनुष्याने दुसऱ्यास विचारिला नाही. साडेनवास बाग विभागाची माणसे पहारी घेऊन आली आणि त्यांनी मधल्या खांबांची कमळे फोडावयास आरंभ केला.

वैजयंतीबाई तेव्हा चहा घेत होत्या. आवाज ऐकोन कप तैसाच ठेविला आणि धावल्या. सत्तावन्न वर्षांची बाई, गुडघे धरलेले, परंतु जिना कैशा उतरल्या ते त्यांस पुढेही आठवले नाही. "थांबा. मधले नाही, मधले आधी नाही काढायचे," असे म्हणत त्या माणसांच्या आणि खांबाच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. कुलसचिव म्हणाले, "मॅडम, आता तुम्हीच अडवणार का? वर्षभर काढा काढा म्हणत होतात." बाई म्हणाल्या, "काढायचेच आहेत. पण कडेचे आधी, मग मधले, आणि एकेक, हळूहळू. आणि लिंबाजींशिवाय कोणी हात लावायचा नाही." मग वसतिगृहाचे कामावरोन मुकादमांस बोलाविले. मुकादम मोटारसायकलीवर आले, चाव्यांची पिशवी खाली ठेविली, तुळयांवर उजवा कान लावोन हातोड्याने ठोकून पाहिले, आणि समाधान पावले. आणि मग कुलसचिवांकडे वळोन म्हणाले, "सायेब, रीत तुमाला म्हाईत हाय. हुकूम कुणाचा?" कुलसचिव म्हणाले, "हुकूम वरून आहे," आणि त्यांस तातडीचा फोन आला, म्हणजे त्यांनी फोन कानास लाविला आणि पार्किंगकडे गेले.

बाई म्हणाल्या, "लिंबाजी, हुकूम माझा." मुकादम म्हणाले, "बाई, तुमी बाहेर ऱ्हावा, मी हाय खाली." बाई म्हणाल्या, "रीत बदलायची नाही." मग बाईंनी पुढल्या कडेस ओळंबा टांगिला, त्याचे टोक आणि फरशी यांत पट्टीने मोजोन बरोबर पंचवीस मिलिमीटर अंतर ठेविले, मुकादमांस सांगितले की कड नऊ मिलिमीटर खाली उतरेल, आणि छताच्या मधोमध जाऊन, पर्स खांद्यास तैसीच, उभ्या राहिल्या. सर्व प्लास्टरच्या पेट्या उतरविल्यावर मुकादमांनी कडेच्या सहा टेक्यांचे स्क्रू अर्धा अर्धा फेरा आलटून पालटून सैल केले. पहिल्या फेऱ्यास काही नाही. दुसऱ्यास वरून कुठेसा बारीक आवाज आला आणि बाग विभागाची माणसे रस्त्यापलीकडे गेली. बाईंनी आकडे मनात पुन्हा केले, राखेचे सिमेंट, सळया, कुंड्या, नऊ मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. कडेचे सहा निघाले, मग मधले सहा निघाले, एक एक टेका आडवा जाहला, आणि अकरा वाजोन वीस मिनिटांस बावीस फुटांचे छत आपले आपण हवेत राहिले. मुकादमांनी ओणवे होऊन पट्टी लाविली आणि वाचिली. "सतरा. म्हंजी आठ उतरलं. तुमी नऊ म्हणला व्हता." बाई म्हणाल्या, "एक मिलिमीटर तुमच्या कामाचं, लिंबाजी." मुकादमांनी टोपी काढोन तोंड पुसिले आणि दुसरीकडे पाहिले.

मग त्यांनी शिडी लाविली आणि वर चढोन पहिल्या तुळईची भेग पाहू लागले, आणि पाहातच राहिले. म्हणाले, "बाई, वर या जरा." बाई वर गेल्या. पेन्सिलीच्या दोन आडव्या खुणा होत्या, वैशाखातली तारीख होती, त्यांच्याच अक्षरात, आणि दोन खुणांच्या मध्ये काही नव्हते. छत आपल्या स्वभावाप्रमाणे लोंबले, खालचे अंग दाबिले गेले, भेग मिटली. सहाही तुळयांस तैसेच. बाईंनी नखाने चाचपोन पाहिले, नखास लागेना. वर्षाची तेवीस पत्रे, पान सातवे, ठराव चवथा, सर्वांचे उत्तर तेथे लिहिले होते, परंतु ते वाचावयास शिडीवर चढावे लागते, आणि नऊ विद्वानांपैकी कोणी शिडीवर चढणारे नव्हते. बाई शिडीवरच उभ्या राहोन रडल्या, आणि मुकादम खालून शिडी धरोन राहिले.

दुसरे दिवशी पाहुणे आले. गाडीतोन उतरोन दरवाजात गेले, दरवाजातोन निघोन गाडीत बसले, छताकडे कोणी पाहिले नाही. धूळ खाली बसल्यावर कुलगुरू विश्वंभरराव एकटेच मागे राहिले आणि छताखाली मधोमध येऊन उभे राहिले. मान वर केली, हात मागे बांधिले, इकडून तिकडे चालले, आणि लहान मुलासारखा त्यांचा चेहरा उजळला. फोनात तो जुना फोटो काढोन त्यांनी छताशी ताडून पाहिला. मग वैजयंतीबाई दिसल्या त्यांस जवळ बोलाविले आणि म्हणाले, "बाई, किती मोकळं वाटतंय हो. अगदी माझ्या मनात होतं तसं. हे आधीच का नाही केलंत?" बाईंनी त्यांजकडे पाहिले. तेवीस पत्रे जिभेवर आली. वर पाहिले, तो छत स्वस्थ होते. मग बाई म्हणाल्या, "घाई कसली, सर?"

एणेप्रमाणे जाहले ते लिहिले. छत बावीस फूट, खांब शून्य. पदवीपत्रावर खांब बारा, ते अद्याप छापतात, आणि मुलांस पदवी मिळाली की ती खांब शोधीत फिरतात. इतिवृत्तात नमुने फुटलेले ते फुटलेलेच आहेत. प्लास्टरची कमळे ग्रंथालयाच्या तळघरात आहेत, कोणी नेईना, कोणी टाकीना. वैजयंतीबाई पुढील वैशाखात शाल व नारळ घेऊन सेवानिवृत्त जाहल्या, आणि समारंभास बीडकडोन लिंबाजी मुकादम आले होते, ते त्याच छताखाली बसोन जेवले. पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत. इति.